चुडा काळा का दिसतोय? ‘एका टॅपमध्ये बॅकग्राउंड गायब’च्या काळात सांडलेला हिरवा रंग

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर चुलत बहिणीच्या लग्नपत्रिकेचा व्हिडिओ आला. चाळीस सेकंदांचा. पिवळी नऊवारी, हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या, मागे वाड्याचा दरवाजा आणि वरून पडणाऱ्या पाकळ्या. शूटिंग अर्थातच गावातल्या एका स्टुडिओत हिरव्या कापडासमोर झालं होतं.

पहिल्या व्हर्जनमध्ये तिचा चेहरा हिरवट दिसत होता. कावीळ झाल्यासारखा म्हणणार होतो, पण त्याहून वाईट. काकूंनी स्टुडिओवाल्याला फोन केला. दोन दिवसांनी दुसरं व्हर्जन आलं. आता चेहरा ठीक होता, पण पिवळी नऊवारी केशरी झाली होती आणि हिरव्या बांगड्या काळ्या. आजीने चष्मा पुसून तीनदा व्हिडिओ बघितला आणि एवढंच विचारलं, “चुडा काळा का दिसतोय?” लग्नाच्या व्हिडिओत हा प्रश्न आजीकडून येणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी आजी आहे त्याला सांगायला नको.

तिसरं व्हर्जन बहिणीने स्वतः केलं. स्टुडिओकडून मूळ क्लिप मागवली आणि फोनवरच्या एका ‘एआय बॅकग्राउंड रिमूव्हर’मध्ये टाकली. माणूस झकास कापला गेला. बांगड्या हिरव्या, साडी पिवळी. पण चेहरा परत हिरवट, आणि केसांभोवती पोपटी रेघ. मग माझ्याकडे मेसेज: “तू इंजिनिअर आहेस ना, नीट कर.”

माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं नाही, मी सॉफ्टवेअर लिहितो. पण इमेज प्रोसेसिंगशी थोडाफार संबंध येतो, म्हणून बसलो. एक संध्याकाळ त्यात गेली. तेव्हा लक्षात आलं, की सध्या सगळीकडे जे ऐकू येतंय, ‘एआय आल्यावर ग्रीन स्क्रीनची कटकट संपली’, ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं या लेखात.

कापणं वेगळं, रंग सुधारणं वेगळं

हिरव्या पडद्यासमोर शूट केलेल्या क्लिपवर दोन वेगवेगळी कामं करावी लागतात. पहिलं कीइंग, म्हणजे हिरवा भाग ओळखून तो पारदर्शक करणं. दुसरं डीस्पिल, म्हणजे माणसावर सांडलेला हिरवा रंग काढणं. या सांडलेल्या रंगालाच ‘स्पिल’ म्हणतात.

स्पिल येतं कुठून? पडद्यावर लाइट टाकला की पडदा तो परत फेकतो, आणि परत येणारा प्रकाश हिरवा असतो. म्हणजे पडदा स्वतःच एक मोठा हिरवा दिवा बनतो. त्याच्या समोर उभा असलेला माणूस त्या दिव्याच्या उजेडात न्हाऊन निघतो. प्रत्यक्षात हे तीन ठिकाणी ठळक दिसतं.

एक, कडांवर. गाल, कान, खांदे, हनुवटीची खालची बाजू. पडद्याकडे वळलेला प्रत्येक भाग हिरवा उजेड पकडतो. पांढरा शर्ट आणि पांढरे केस यांच्यावर तर तो सगळ्यात जास्त दिसतो, कारण पांढरी वस्तू येईल तो रंग परत फेकते. लाल कपडा मात्र हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेतो, त्यामुळे त्यावर कमी दिसतो.

दोन, चमकदार गोष्टींवर. चष्मा, नथ, तेल लावलेले केस, साडीची जर, घामेजलेलं कपाळ. इथे पडद्याचं चक्क प्रतिबिंब पडतं.

तीन, अर्धपारदर्शक गोष्टींमधून. सुटलेल्या केसांची बट, ओढणी, जाळी. यांच्या आरपार मागचा पडदाच दिसत असतो. काटेकोर बोलायचं तर हे स्पिल नाही, मिश्रण आहे. पण स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं आणि दोन्ही एकत्रच त्रास देतात.

मग हिरवाच का?

हा प्रश्न हमखास येतो. एवढा त्रास आहे तर दुसरा रंग का नाही?

सिनेमात सुरुवात निळ्यानेच झाली. लॅरी बटलर यांनी १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये निळ्या पडद्याचं तंत्र वापरलं आणि त्या सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. डिजिटल कॅमेरे आले तसा हिरवा पुढे गेला. कारण सेन्सरमध्ये आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या आणि फोनच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी रचना असते. म्हणजे हिरव्याची माहिती दुप्पट, त्यामुळे कडा स्वच्छ कापल्या जातात. शिवाय माणसाच्या त्वचेत, मग ती गोरी असो की सावळी, लाल जास्त आणि हिरवा त्याहून कमी असतो. त्यामुळे त्वचा आणि पडदा वेगळे ओळखणं सोपं जातं.

पण जे कारण फायद्याचं, तेच तोट्याचं. हिरवा रंग आपल्या डोळ्यांना सगळ्यात उजळ वाटतो. व्हिडिओच्या नेहमीच्या एचडी मापात एकूण उजळपणापैकी सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा धरला जातो, निळ्याचा फक्त ७ टक्के. म्हणजे हिरवा जरासा सांडला तरी लगेच दिसतो. आणि तो काढला की तेवढी जागा काळी पडते. स्टुडिओच्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये नेमकं हेच झालं होतं.

बांगड्या काळ्या कशा झाल्या: पाचवीचं गणित

डीस्पिल हे नाव भारी वाटतं, पण आतलं गणित सोपं आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. डीस्पिलचा साधा नियम असा: हिरव्याचा आकडा ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ द्यायचा नाही. गेला तर कापून त्या मर्यादेवर आणायचा.

ही मर्यादा ठरवायच्या दोन प्रचलित पद्धती आहेत.

‘सरासरी’ नियम: हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त नको.
‘कमाल’ नियम: हिरवा हा लाल आणि निळ्यापैकी जो मोठा असेल त्याच्यापेक्षा जास्त नको.

आता हे तीन गोष्टींवर लावून बघू. आकडे मी समजावण्यासाठी सोयीचे घेतलेत, पण साधारण असेच असतात.

सावळी त्वचा. मूळ रंग: लाल १५०, हिरवा १०५, निळा ७५. हिरवा प्रकाश पडल्यावर हिरव्याचा आकडा समजा १३५ झाला. सरासरी नियमाने मर्यादा येते ११२. म्हणजे १३५ चे ११२ झाले, मूळ १०५ च्या बऱ्यापैकी जवळ. उत्तम. आता कमाल नियम लावा. मर्यादा १५०. आपला १३५ त्याच्या आतच आहे, म्हणजे नियम काहीच करत नाही. चेहरा हिरवट तो हिरवटच.

पिवळी नऊवारी. लाल २३०, हिरवा १८०, निळा ४०. पिवळ्यात हिरवा भरपूर असतो, हे आपण सहसा विसरतो. सरासरी नियमाने मर्यादा १३५. हिरवा १८० वरून १३५ वर आला की पिवळ्याचा केशरी होतो. कमाल नियमाने मर्यादा २३०, साडी जशीच्या तशी.

हिरवी बांगडी. लाल ३०, हिरवा १४०, निळा ६०. सरासरी नियमाने मर्यादा ४५. म्हणजे १४० चे थेट ४५! उरतो ३०, ४५, ६०, म्हणजे काळपट निळा. कमाल नियमानेही मर्यादा ६०, म्हणजे मळकट गडद मोरपंखी. दोन्हीकडे चुडा गेला.

आलं लक्षात? स्टुडिओवाल्या दादाने सरासरी नियमाचं काहीतरी वापरलं असणार. त्याची बिचाऱ्याची चूक एवढीच, की त्याने तो संपूर्ण चित्रावर लावला. सॉफ्टवेअरला ‘सांडलेला हिरवा’ आणि ‘मुळातला हिरवा’ यातला फरक माहीतच नसतो. त्याच्या लेखी जास्तीचा हिरवा म्हणजे घाण. बांगडीचा हिरवा पडद्याच्या पोपटी रंगापेक्षा गडद असल्यामुळे कीइंगमधून ती वाचली, पण डीस्पिलने तिला गाठलं.

हे गणित तुम्ही स्वतः करून बघू शकता. एफएफएमपेग या फुकट, ओपन सोर्स टूलमध्ये ‘डीस्पिल’ नावाचा फिल्टरच आहे. त्यातला ‘मिक्स’ हा आकडा ठरवतो की मर्यादेत लालचा वाटा किती आणि निळ्याचा किती. तो आधीपासून ०.५ वर ठेवलेला असतो, म्हणजे आपला सरासरी नियमच. ओबीएसमध्ये क्रोमा की फिल्टर लावला की ‘की कलर स्पिल रिडक्शन’ची पट्टी दिसते. आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्पिल सप्रेसर’ आहे, दाविंची रिझॉल्व्हच्या कीयरमध्ये ‘डीस्पिल’ आहे. नावं वेगळी, बारकावे वेगळे, पण मुळात कल्पना हीच.

मग एआयने काय सोडवलं आणि काय नाही?

आता मूळ मुद्दा. एआय कटआउट खरंच जबरदस्त झालंय, त्यात वाद नाही. फोनमध्ये फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो सुटून हातात येतो. व्हिडिओ कॉलमध्ये मागची गादी आणि वाळत घातलेले कपडे गायब होतात. २०२० मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या टीमने ‘बॅकग्राउंड मॅटिंग व्ही२’ आणलं, त्यात रिकाम्या खोलीचा एक फोटो दिला की माणूस ४के व्हिडिओतून थेट वेगळा होत होता. २०२१ मध्ये बाइटडान्सच्या ‘रोबस्ट व्हिडिओ मॅटिंग’ला तो फोटोही लागेनासा झाला.

ही मॉडेल्स कुठलं कोडं सोडवतात ते बघा. कडेवरच्या कुठल्याही पिक्सेलचं समीकरण असं असतं:

दिसणारा रंग = (अल्फा × माणसाचा रंग) + ((१ − अल्फा) × मागचा रंग)

अल्फा म्हणजे त्या पिक्सेलमध्ये माणूस किती. पूर्ण माणूस असेल तर १, नसेल तर ०, केसाची बट असेल तर अधेमधे. आपल्याला माहीत असतात फक्त तीन आकडे, दिसणाऱ्या रंगाचे. शोधायचे असतात सात: माणसाच्या रंगाचे तीन, मागच्या रंगाचे तीन आणि अल्फा. तीन माहितीत सात अज्ञात, गणिताने सुटणारच नाही. हिरवा पडदा लावला की मागचा रंग माहीत होतो, म्हणजे अज्ञात चारच राहतात. पडद्याचा सगळा उपयोग हाच. एआयने काय केलं, तर लाखो चित्रं बघून उरलेल्या अज्ञातांचा चांगला अंदाज बांधायला शिकलं. म्हणून पडदा नसला तरी चालतं.

आता या समीकरणातल्या ‘माणसाचा रंग’ या शब्दांवर थांबा. हा रंग म्हणजे त्या वेळी, त्या उजेडात दिसणारा माणसाचा रंग. त्यात पडद्यावरून आलेला हिरवा उजेड आधीच मिसळलेला आहे. तुम्ही हे समीकरण शंभर टक्के अचूक सोडवलं तरी हाती येणारा चेहरा हिरवटच असणार. कारण तो त्या जागी खरंच हिरवट दिसत होता! माणूस कुठे संपतो एवढंच कात्री सांगते. त्याच्यावर कुठला उजेड पडला होता, ते तिला कळत नाही.

त्यात अनेक सोप्या अ‍ॅप एवढंही करत नाहीत. त्या फक्त अल्फा काढतात आणि मूळ पिक्सेल जसेच्या तसे नव्या बॅकग्राउंडवर चिकटवतात. म्हणून केसांभोवती ती पोपटी रेघ राहते. बहिणीच्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये दोन्ही होतं: रेघ मिश्रणाची, चेहरा स्पिलचा.

आणि हे फक्त हिरव्या पडद्यापुरतं नाही. निळ्या भिंतीच्या खोलीत रील शूट केली, एआयने भिंत काढली, मागे समुद्रावरचा सूर्यास्त लावला, तर तुमच्या गालावर भिंतीचा निळा उजेड तसाच राहतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी चिकटवलेलं आहे हे कळतं. पडदा गेला, स्पिल गेलं नाही. उलट आता ते कुठल्याही रंगाचं असू शकतं आणि ते काढायला ठरलेला नियमही नाही. हिरव्या पडद्यात निदान शत्रू कोण ते माहीत असतं.

मोठे लोक काय करतायत?

गंमत म्हणजे, ज्यांच्याकडे पैसा आहे ते स्पिल नंतर काढण्यापेक्षा आधीच टाळायच्या मागे लागलेत.

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे पडद्याचा रंग बदलणं. २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये स्पायडर-मॅनचा सूट लाल-निळा, म्हणून त्याच्यामागे हिरवा पडदा. ग्रीन गॉब्लिन हिरवा, म्हणून त्याच्यामागे निळा. २०२४ च्या ‘विकेड’मध्ये नायिका एल्फाबा नखशिखांत हिरवी. तिथेही निळे पडदे आले. म्हणजे एवढं मोठं बजेट असूनही त्यांनी ‘नंतर सॉफ्टवेअरने बघू’ म्हटलं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पडदाच काढून टाकणं. २०१९ मध्ये आलेल्या ‘द मँडलोरियन’ मालिकेतला नायक आरशासारखं चमकणारं चिलखत घालतो. हिरव्या पडद्यासमोर ते सगळं हिरवं झालं असतं. म्हणून त्यांनी अभिनेत्याभोवती एलईडीच्या प्रचंड भिंती उभ्या केल्या आणि त्यावर खरंच वाळवंट दाखवलं. आता चिलखतावर वाळवंटाचाच उजेड पडतो. म्हणजे सांडलेला रंगच हवा तो रंग झाला. असे स्टेज आपल्याकडेही आलेत, हैदराबादच्या अन्नपूर्णा स्टुडिओत आहे.

तिसरा मार्ग मला सगळ्यात जास्त आवडला. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’मध्ये डिस्नेने हिरवा-निळा काहीच वापरलं नव्हतं. मागचा पडदा सोडियमच्या दिव्यांनी उजळवला होता, रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांसारख्या. या दिव्याचा पिवळा अगदी अरुंद पट्ट्यातला असतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. कॅमेऱ्यातलं खास प्रिझम नेमका तेवढाच पिवळा वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवायचं. एका फिल्मवर अभिनेते, दुसऱ्यावर त्यांची तयार सावली-आकृती, तीही त्याच क्षणाची. अंदाज नाही, मोजमाप. टोपीवरची पातळ जाळीसुद्धा नीट यायची. या कामासाठी पेट्रो व्लाहोस, वॉड्सवर्थ पोल आणि अब आयवर्क्स यांना ऑस्कर मिळालं. हेच व्लाहोस निळ्या-हिरव्या पडद्याच्या आजच्या गणिताचेही जनक मानले जातात. २०२४ मध्ये कॉरिडॉर क्रू या यूट्यूब चॅनेलने संशोधक पॉल डेबेव्हेक यांच्यासोबत ही सोडियमची पद्धत नव्या कॅमेऱ्यांवर पुन्हा करून दाखवली. तो व्हिडिओ वेळ काढून बघण्यासारखा आहे.

याच डेबेव्हेक यांच्या नेटफ्लिक्समधल्या टीमने २०२३ मध्ये ‘मॅजेंटा ग्रीन स्क्रीन’ नावाचा प्रयोग मांडला. अभिनेत्यावर फक्त लाल आणि निळा प्रकाश टाकायचा, मागे फक्त हिरवा. मग कॅमेऱ्याच्या हिरव्या चॅनेलमध्ये माणूस काळी आकृती म्हणून दिसतो, म्हणजे अल्फा थेट मोजून मिळाला. लाल आणि निळ्या चॅनेलमध्ये माणूस दिसतो, मागे काळोख. अडचण एकच: माणसाचा स्वतःचा हिरवा चॅनेल हरवला, तो गुलाबी-जांभळा दिसतो. तो हिरवा एआयने भरायचा. त्यासाठी मॉडेलला त्याच अभिनेत्याचं पांढऱ्या प्रकाशातलं शूटिंग आधी दाखवायचं.

इथे कामाची वाटणी उलटी झालीय, ते बघा. आपल्या फोनमध्ये एआय आकार ओळखतो आणि रंग तसाच सोडून देतो. इथे आकार कॅमेऱ्याने मोजला आणि एआयला दिलं रंगाचं काम. तेही अंदाजपंचे नाही, त्या माणसाचा खरा रंग दाखवून.

मला यात खटकतं ते

आता तुम्ही म्हणाल, एका लग्नाच्या व्हिडिओसाठी एवढं कशाला? मला वाटतं, मुद्दा व्हिडिओपेक्षा मोठा आहे.

डीस्पिलचा प्रत्येक नियम एक गृहीतक धरून चालतो. सरासरी नियम गृहीत धरतो की समोरच्या माणसाने हिरवं किंवा पिवळं काही घातलेलं नाही. हॉलिवूडच्या स्टुडिओत हे चालून जातं, कारण तिथे कपडे कोणते घालायचे हे आधीच ठरवलं जातं. आपल्याकडे लग्न म्हटलं की हळद पिवळी आणि चुडा हिरवा. म्हणजे ज्या दोन रंगांशिवाय आपला समारंभ होत नाही, नेमके तेच दोन रंग हा नियम घाण म्हणून पुसतो. यात कुणाचा कट नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर आपली आजी नव्हती, एवढंच.

आणि अडचण नियमापेक्षा तो लपवण्यात आहे. डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये निदान पट्टी असते: इकडे सरकवा, तिकडे सरकवा, नाही आवडलं तर बंद करा. ‘एका टॅपमध्ये’वाल्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये पट्टी नसते. निकाल मिळतो, तो घ्या किंवा सोडा. त्यात अनेक अ‍ॅप चेहऱ्याचा रंग ‘सुधारतात’ही. हिरवटपणा काढताना चेहरा काळवंडतो, मग तो भरून काढायला उजळ करतात, आणि किती उजळ करायचं ते अ‍ॅप ठरवते. सावळी मुलगी दोन छटा गोरी होऊन बाहेर येते आणि सगळे म्हणतात, “वा, छान आलंय!” ही रंगदुरुस्ती होती की रंगबदल, हे विचारायला जागाच उरत नाही.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ‘युजरला कमी बटणं द्या’ हा सल्ला मला पाठ आहे आणि बहुतेक वेळा पटतोही. पण माणसाच्या अंगाचा आणि कपड्यांचा रंग ही बटण लपवायची जागा नाही. निदान ‘हा भाग सोडून’ म्हणायची सोय तरी हवीच.

तुम्ही काय करू शकता?

रील, ऑनलाइन क्लास, यूट्यूब चॅनेल, काहीही असो. यातलं बहुतेक फुकट आहे.

अंतर ठेवा. पडदा आणि माणूस यात निदान सहा-सात फूट. हा एकच उपाय बाकी सगळ्यांच्या बरोबरीचा आहे. अंतर वाढलं की परत येणारा हिरवा उजेड झपाट्याने कमी होतो.

पडदा गरजेपुरताच ठेवा. माणसाच्या मागे हवा तेवढाच. आजूबाजूचा भाग नंतर सरळ क्रॉप किंवा मास्कने जातो. मोठा पडदा म्हणजे मोठा हिरवा दिवा. पाय दाखवायचे नसतील तर जमिनीवर कापड अंथरूच नका, हनुवटीखालचा हिरवा बहुतेक वेळा तिथूनच येतो.

पडद्यावर उजेड सारखा हवा, भगभगीत नको. आणि पडद्याचा लाइट वेगळा, माणसाचा वेगळा. कापड बिनचमकीचं घ्या, सॅटिन नको.

फोनमध्ये एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. नाहीतर माणूस हलला की फोन रंग बदलत राहतो आणि एकच डीस्पिल सगळ्या क्लिपला चालत नाही.

शक्य असेल तेवढ्या जास्त क्वालिटीत रेकॉर्ड करा आणि मूळ फाइलच वापरा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नाही. बहुतेक फोन रंगाची माहिती आधीच चार पिक्सेलला एक अशी वाचवून ठेवतात. त्यात आणखी कॉम्प्रेशन झालं की केसांच्या कडा गेल्याच समजा.

हिरवं-पिवळं घालायचं असेल तर निळं कापड लावा. आपले वरचे आकडे निळ्याच्या नियमाने करून बघा: पिवळी साडी आणि हिरवी बांगडी दोन्ही सुखरूप राहतात. पण हे जादूचं औषध नाही. सावळ्या त्वचेत निळा मुळातच कमी असतो, त्यामुळे थोडा निळा सांडला तरी तो मर्यादेच्या आतच राहतो आणि नियम त्याला पकडत नाही. डोळ्यांना निळा कमी खुपतो, म्हणून बऱ्याचदा निभावतं. तरी अंतराचा नियम पाळायचाच. आणि नवरदेवाचा ब्लेझर निळा असेल तर परत विचार करा.

शेवटी, तपासणी. शूट झाल्यावर लगेच बॅकग्राउंडच्या जागी साधा करडा रंग लावून बघा. रंगीबेरंगी बॅकग्राउंडवर स्पिल लपतं, करड्यावर लपत नाही. एक फ्रेम थांबवून कान, जबडा आणि खांद्यावर झूम करा.

मग चुड्याचं काय झालं?

मी काही मोठं केलं नाही. मूळ क्लिप घेतली आणि डीस्पिल दोन वेळा वेगवेगळं लावलं. चेहरा, मान आणि केसांवर सरासरी नियम. बांगड्या आणि साडीभोवती हाताने मास्क काढला आणि तो भाग डीस्पिलमधून वगळला. साडीच्या कडेला जिथे खरंच हिरवं सांडलं होतं, तिथे कमाल नियम. हिरवा काढल्यामुळे काळवंडलेल्या कडांवर वाड्याच्या दरवाजाचा धूसर तपकिरी उजेड थोडा मिसळला. जिथून जेवढा हिरवा काढला तेवढाच नव्या बॅकग्राउंडचा रंग तिथे द्यायचा, ही कंपोझिटिंग करणाऱ्यांची जुनी पद्धत आहे. असं केल्याने माणूस त्या जागी उभा असल्यासारखा वाटतो.

हात हलत असल्यामुळे बांगड्यांचा मास्क पुढे सरकवत न्यावा लागला, त्यातच दोन-अडीच तास गेले. यासाठी मात्र एआयच वापरलं. पहिल्या फ्रेममध्ये बांगड्या दाखवल्या, पुढे त्याने बऱ्यापैकी पकडल्या. कापायच्या कामाला त्याच्या तोडीचं काही नाही, हे मी आधीच मान्य केलंय. फक्त काय कापायचं आणि कुठला रंग राखायचा, ते मी सांगितलं.

चौथं व्हर्जन रात्री साडेअकराला ग्रुपवर टाकलं. नथीत अजून एक हिरवा ठिपका आहे, मला तो दरवेळी दिसतो. सकाळी आजीचा व्हॉइस मेसेज आला होता, आठ सेकंदांचा. “आता बरं दिसतंय. पण ती एवढी फुलं कशाला पाडलीत?”

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते स्टुडिओवाल्याला विचारावं लागेल.